डिसेंबरात आपण कुठे होतो? संसद, विधेयक आणि आपली चळवळ



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कामणच्या आमच्या वस्तीतला एक पोरगा, वय 22, चिंचोटी-भिवंडी रस्त्यालगतच्या एका गोदामात माल चढवायचं-उतरवायचं काम करतो. पगाराच्या हिशेबावरून त्याची मुकादमाशी बाचाबाची झाली आणि मुकादमानं दहा-बारा कामगारांदेखत त्याला जातीवरून शिव्या घातल्या. पोरानं हात उचलला नाही, माणसं जमवली नाहीत. मला फोन केला. आम्ही चौघं पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी सगळं ऐकून घेतलं, बसायला खुर्ची दिली, आणि मग म्हणाले, "आता नवा कायदा आलाय. लगेच गुन्हा दाखल होत नाही. आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी, मग बघू."

परत येताना पोरानं विचारलं, "दादा, हा नवा कायदा कधी आला? आपल्याला कुणी विचारलं का?"

मी वीस वर्षं चळवळीत आहे. जयंतीच्या व्यासपीठावर संविधानावर तासभर बोलतो. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन तारखा शोधल्या. त्या तारखा आज तुमच्यासमोर ठेवतो, कारण त्यात आपल्या सगळ्यांची हजेरी लागलेली आहे.

2023 चा डिसेंबर. 6 तारखेला आपण चैत्यभूमीवर रांगेत होतो. 12 तारखेला लोकसभेत तीन फौजदारी विधेयकं नव्यानं मांडली गेली. 20 तारखेला ती लोकसभेत मंजूर झाली, 21 ला राज्यसभेत. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून 146 विरोधी खासदार निलंबित होते. शतकाहून जुने फौजदारी कायदे बदलले जात होते आणि विरोधी बाकं जवळपास ओस पडली होती. 25 डिसेंबरला राष्ट्रपतींची मोहोर उमटली. 25 डिसेंबर! आपण गावोगाव मनुस्मृती दहन दिन साजरा करत होतो, 1927 च्या महाडची आठवण सांगत होतो. एक कायदा जाळल्याचा उत्सव चालू असताना दुसरा कायदा जन्माला आला, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. आठवडाभरानं 1 जानेवारीला आपण भीमा कोरेगावला होतो. 1 जुलै 2024 पासून कायदा लागू झाला आणि पुढे तो आमच्या पोरासमोर येऊन उभा राहिला.

यातल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 आहे. त्याचं तिसरं पोटकलम सांगतं की तीन वर्षं किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येईल. आता अ‍ॅट्रॉसिटी कायदा उघडा. जातीवाचक शिवीगाळ, सार्वजनिक ठिकाणी अपमान, हे सगळं ज्या कलम 3(1) मध्ये येतं त्याची शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. म्हणजे नेमकी या कप्प्यात बसणारी. आपल्या खटल्यांचा मोठा भाग इथलाच असतो.

मग आपला हक्क संपला का? नाही. त्याच अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात कलम 18-अ आहे. ते म्हणतं, गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. आणि कलम 20 सांगतं की हा कायदा इतर कायद्यांच्या वरचढ राहील. ठाणे अंमलदारांना जे पोटकलम ठाऊक होतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि आमच्या बाजूची जी दोन कलमं होती तीही त्या क्षणी आमच्या जिभेवर नव्हती. आम्ही घोषणा पाठ करून गेलो होतो. समोरचा कलम पाठ करून बसला होता.

म्हणून आज थोडं कडू बोलणार आहे. आपल्या चळवळीला रस्ता माहीत आहे, कोर्टाची पायरी माहीत आहे. कायदा जिथे तयार होतो ते घर मात्र आपण सोडून दिलं आहे. ज्या माणसानं उभं आयुष्य कायदेमंडळात घासलं, त्याचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी हे करावं, यापेक्षा मोठी विसंगती नाही.

आपल्यात दोन रोग आहेत. पहिला भक्तीचा. "बाबासाहेबांनी सगळं लिहून ठेवलंय, आता काय राहिलं?" असं म्हणणारे. दुसरा वैतागाचा. "संसद म्हणजे मनुवाद्यांचं नाटक, तिथे आपलं कोण आहे?" असं म्हणणारे. दोघांची भाषा वेगळी, शेवट एकच: विधेयक कुणीच वाचत नाही.

पहिल्यांना मी विचारतो, संविधानानं कायदा करण्याचं यंत्र दिलं की कायदे करून दिले? कलम 17 नं अस्पृश्यता नष्ट केली, पण ती पाळणाऱ्याला शिक्षा काय हे संसदेनं 1955 च्या कायद्यानं ठरवलं. तो अपुरा पडला म्हणून 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. 1956 साली दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला, पण बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या यादीत स्थान मिळायला 1990 चा दुरुस्ती कायदा यावा लागला. 34 वर्षं! एक पिढी सवलतीविना म्हातारी झाली. संविधान तेच होतं, अडलं होतं संसदेच्या एका दुरुस्तीपाशी.

आता दुसऱ्यांकडे वळू. नाटक म्हणायचं तरी नाटकाचे अंक ठाऊक हवेत. कायदा कसा होतो ते साध्या भाषेत सांगतो.

एखादं मंत्रालय मसुदा तयार करतं. केंद्र सरकारनं 2014 साली स्वतःच ठरवलेलं धोरण आहे की मसुदा निदान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा. हे धोरण आहे, कायदा नाही, म्हणून ते सर्रास मोडलं जातं. मोडलं जातं तेव्हा आपण ओरडतही नाही, कारण असं काही आहे हेच आपल्याला माहीत नसतं. मग मंत्रिमंडळाची मंजुरी, मग सभागृहात विधेयक मांडणं. हे पहिलं वाचन. त्यानंतर ते संसदीय समितीकडे जाऊ शकतं. खात्यांनुसार अशा 24 स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत 31 खासदार, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10. तिथे कॅमेरे नसतात म्हणून भाषणबाजी कमी आणि काम जास्त होतं. अधिकारी बोलावले जातात, तज्ज्ञ आणि संघटनांना विचारलं जातं, अनेकदा जाहिरात देऊन नागरिकांकडून लेखी सूचना मागवल्या जातात. त्यानंतर दुसरं वाचन: आधी सर्वसाधारण चर्चा, मग एकेक कलम, एकेक दुरुस्ती. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयकावर मत. मग हाच सगळा प्रवास दुसऱ्या सभागृहात. शेवटी कलम 111 प्रमाणे राष्ट्रपतींची संमती आणि राजपत्रात प्रसिद्धी. इथेही संपत नाही. कायदा कोणत्या तारखेपासून लागू करायचा हे बहुधा सरकार वेगळ्या अधिसूचनेनं ठरवतं, आणि त्याचे नियम नंतर बनतात. वनहक्क कायदा संसदेनं डिसेंबर 2006 मध्ये मंजूर केला, लागू झाला 31 डिसेंबर 2007 ला, आणि नियम आले 1 जानेवारी 2008 ला. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी बांधवांनी मोर्चे काढले ते फक्त कायदा व्हावा म्हणून नाही, झालेला कायदा कपाटातून बाहेर यावा म्हणूनही.

या संपूर्ण रांगेत सामान्य माणसाला आत शिरायला दोनच रुंद दारं आहेत: मसुद्यावरच्या सूचना आणि समिती. आणि नेमकी हीच दारं बंद होत चालली आहेत. 15 व्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. 17 व्या लोकसभेत, म्हणजे 2019 ते 2024 मध्ये, जेमतेम 16 टक्के. त्या लोकसभेला पाच वर्षं उपाध्यक्षही नव्हता, जरी संविधानाचं कलम 93 उपाध्यक्ष निवडायला सांगतं. हे आकडे आपल्या किती भाषणांत येतात? "संविधान धोक्यात आहे" असं आपण म्हणतो, पण धोका नेमका कोणत्या दारातून आत येतो ते सांगत नाही.

20 सप्टेंबर 2020 आठवा. शेतकरी कायद्यांवर राज्यसभेत सदस्य मतविभाजन मागत होते, म्हणजे मतं मोजा म्हणत होते. गदारोळात आवाजी मतदानानं विधेयकं मंजूर झाल्याचं जाहीर झालं. मग शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले. 29 नोव्हेंबर 2021 ला तेच कायदे रद्द झाले, दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी आणि चर्चेविना. करताना मोजलं नाही, मोडताना बोलले नाहीत. सभागृहात बोलणं टाळलं की माणसाला थंडीत रस्त्यावर मरावं लागतं, हा त्याचा अर्थ.

आता बाबासाहेबांकडे येऊ. पुतळ्यातल्या नाही, कायदेमंडळातल्या.

1923 साली 4 ऑगस्टला रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. कागदावर चवदार तळं आपलं झालं. पण 20 मार्च 1927 पर्यंत कुणी ओंजळ भरली नाही. महाडचा सत्याग्रह हवेतून आला नाही. कायदेमंडळानं दिलेला आणि गावानं दाबलेला हक्क वसूल करायला तो झाला. म्हणजे ठराव आधी आणि पाऊल नंतर. ठराव नसता तर पाऊल बेकायदा ठरवणं सोपं गेलं असतं. पाऊल नसतं तर ठराव वाळवीनं खाल्ला असता. महाडचा हा अर्धा भाग आपण विसरलो.

1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं. सरकारी विधेयक नव्हे, एका सदस्याचं. विरोध झाला, 1929 मध्ये ते मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा आला 1958 साली. 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं आणि 1938 च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर नेले. त्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. विधेयक आत आणि मोर्चा बाहेर, दोन्ही एकाच माणसाच्या हातात. खोती निर्मूलनाचा कायदा झाला 1949 साली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आणणारी दुरुस्ती त्यांनीच मांडली. आमचा पोरगा ज्या गोदामात राबतो तिथे तासांवरून भांडण होतं तेव्हा त्या 48 आकड्यामागे कोण आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

आणि हिंदू कोड बिल. अनेक वर्षं समित्या, दुरुस्त्या, टोमणे, वेळकाढूपणा. एकेका कलमासाठी ते सभागृहात उभे राहिले. विधेयक गुंडाळलं जातंय हे दिसल्यावर 27 सप्टेंबर 1951 ला मंत्रिपदाचा राजीनामा दिला. सभागृहात निवेदन करण्याच्या वेळी त्यावर अटी घातल्या गेल्या तेव्हा ते बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिलं. नंतर 1955-56 मध्ये तोच मजकूर तुकड्यातुकड्यांनी चार कायदे होऊन आला. आज कोणत्याही जातीची हिंदू लेक बापाच्या मालमत्तेत वाटा मागते, ती त्या हरलेल्या विधेयकाच्या जिवावर.

यातून एक गोष्ट दिसते. बाबासाहेबांची अनेक विधेयकं पहिल्या फेरीत पडली. तरी ते लिहीत राहिले, मांडत राहिले. कारण लिहिलेला मजकूर पडला तरी मरत नाही, उद्या तो कुणालातरी उचलावा लागतो. घोषणा मात्र संध्याकाळी घरी परतते.

तुम्ही म्हणाल, हा इतिहास झाला, आज काय? आज म्हणजे 2018.

20 मार्च 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्या महाराष्ट्रातल्याच प्रकरणातून गेला होता. सातारा जिल्ह्यातल्या कराडच्या औषधनिर्माण महाविद्यालयातला कर्मचारी, त्याची तक्रार, आणि वरिष्ठ अधिकाऱ्याचं अपील. न्यायालयानं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याबद्दल निर्देश दिले: गुन्ह्याआधी प्राथमिक चौकशी, अटकेआधी मंजुरी, अटकपूर्व जामिनाला वाट. म्हणजे संसदेनं जे लिहिलं त्यात न्यायालयानं चौकटी घातल्या. 2 एप्रिलला देश बंद झाला. कोणत्याही मोठ्या नेत्याच्या हाकेशिवाय पोरं रस्त्यावर आली, उत्तरेत अनेकांचे जीव गेले. आणि सत्तेला घाम फुटला. 3 ऑगस्टला दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं, 6 ऑगस्टला मंजूर, 9 ऑगस्टला राज्यसभेत मंजूर, 17 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती. हेच ते कलम 18-अ. पुढे 1 ऑक्टोबर 2019 ला न्यायालयानं आपले निर्देश मागे घेतले आणि 10 फेब्रुवारी 2020 ला 18-अ वैध ठरवलं. प्रथमदर्शनी गुन्हा दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन देता येईल, एवढी फट तेवढी ठेवली.

लक्षात घ्या, 2 एप्रिलला सांडलेलं रक्त एका कलमात उतरलं म्हणून टिकलं. ते कलम लिहिलं गेलं नसतं तर आज 2 एप्रिल हा फक्त हार घालायचा एक दिवस उरला असता. आणि पाच वर्षांत त्याच कलमाला बगल देता येईल असं पोटकलम दुसऱ्या कायद्यात आलं, तेव्हा 2 एप्रिलची पोरं कुठे होती? तिथेच, आपापल्या गावात. फक्त यावेळी कुणी त्यांना विधेयक वाचून दाखवलं नव्हतं. ती फौजदारी विधेयकं तर 2023 च्या ऑगस्टमध्ये गृह खात्याच्या स्थायी समितीकडेही गेली होती. त्या तीन महिन्यांत "अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे गुन्हे यातून स्पष्ट शब्दांत वगळा" असं एका ओळीचं निवेदन माझ्या संघटनेनं पाठवलं का? नाही पाठवलं. इतरांचं मी बोलत नाही. माझं सांगतो.

आता खरा आक्षेप. "दादा, बहुमत त्यांचं. निवेदन दिलं तरी टोपलीत जाणार." हा आक्षेप पोकळ नाही, म्हणून त्याला नीट सामोरं जाऊ.

8 जानेवारी 2019 ला आर्थिक निकषावर दहा टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत मांडली गेली आणि त्याच दिवशी मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत. समितीकडे पाठवा ही मागणी फेटाळली गेली. 12 तारखेला संमती. चार दिवसांत संविधान बदललं! आणि आपल्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची मोठी दुरुस्ती? 2014 च्या मार्चमध्ये अध्यादेश, मग निवडणूक, मग नवं विधेयक, मग समिती, 2015 च्या ऑगस्टमध्ये लोकसभा, डिसेंबरमध्ये राज्यसभा, आणि 26 जानेवारी 2016 पासून अंमल. सवर्णांचं विधेयक विमानानं जातं, आपलं बैलगाडीनं. हे खरं आहे.

लोकसभेत अनुसूचित जातींच्या 84 आणि जमातींच्या 47 राखीव जागा आहेत. एकूण 131. आपला पालघर मतदारसंघही अनुसूचित जमातीसाठी राखीव. 131 माणसं एका आवाजात उभी राहिली तर सरकार हलेल. ती राहत नाहीत. कारण 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदी आली, आणि पक्षादेश मोडला तर खासदारकी जाते. त्याहून जुनं कारण 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार. राखीव जागेवरचा माणूस सगळ्यांच्या मतांवर निवडून येतो, म्हणून तो ज्यांच्या मतांवर अवलंबून आहे त्यांनाच भितो. आपल्याला त्याची जात दिसते, त्याला पक्षाचं तिकीट दिसतं. खासगी सदस्याचं विधेयक हा मार्गही नावापुरताच. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त 14 विधेयकं कायदा झाली, आणि शेवटचं 1970 साली.

हे सगळं मान्य. पण यातून घरी बसा असा निष्कर्ष निघत नाही, उलटा निघतो. संख्या नाही म्हणूनच शब्दावर पकड हवी. ज्याच्याकडे बहुमत आहे त्याला न वाचता चालतं. आपल्याला न वाचणं परवडत नाही.

शब्दानं काही होतं का? आपल्या राज्यातलं ताजं उदाहरण घ्या. जनसुरक्षा विधेयक 2024 मध्ये विधिमंडळात आलं. ते संयुक्त समितीकडे गेलं आणि समितीकडे 12 हजारांहून अधिक सूचना आल्या. मूळ मसुद्यात व्यक्ती आणि संघटना असा मोघम उल्लेख होता. समितीनंतर तो कडव्या डाव्या आणि तत्सम संघटनांपुरता आणला गेला. जुलै 2025 मध्ये ते मंजूर झालंच आणि त्याचा धोका गेलेला नाही, "तत्सम" या एका शब्दात उद्या कुणालाही बसवता येईल. पण ज्या पोरावर उद्या खटला भरला जाईल त्याच्या वकिलाला त्या बदललेल्या शब्दांवर उभं राहता येईल. केंद्रात वक्फ विधेयकावरच्या संयुक्त समितीकडे 2024 मध्ये लाखोंनी सूचना गेल्या. मुस्लिम बांधवांनी मशिदीबाहेर मोबाईल हातात घेऊन त्या पाठवल्या. त्यांनाही हवं ते मिळालं नाही. पण त्यांचं म्हणणं नोंदीत आलं. आपलं कुठे नोंदलं गेलंय?

आणि शेवटचं टोक विसरू नका: अंमलबजावणी. हातानं मैला साफ करण्याविरुद्धचा पहिला कायदा 1993 चा. तो निकामी ठरला म्हणून दुसरा 2013 साली आला आणि 6 डिसेंबर 2013 पासून लागू झाला, महापरिनिर्वाण दिनी. तरीही गटारात आणि शौचालयाच्या टाकीत उतरून आपली माणसं मरतातच. बोले ठरावाला जसं महाड लागलं, तसं या कायद्यालाही प्रत्येक नगरपालिकेच्या दारात एकेक महाड लागेल. आत मजकूर, बाहेर पाऊल. एकाशिवाय दुसरं लंगडं.

आमच्या कामणमध्ये खासदारावरची चर्चा नाक्यावर रोज होते. रस्त्याचे खड्डे, पाणी, लोकलच्या फेऱ्या. खड्ड्यांचा राग रास्तच आहे, रोज त्यातून दुचाकी घालणाऱ्यालाच तो कळतो. पण खासदाराचं पहिलं काम कायदा करणं आहे. रस्त्याचा हिशेब मागताना मताचाही मागा. 20 डिसेंबर 2023 ला आपण सभागृहात काय बोललात? कोणत्या समितीवर आहात? किती बैठकांना गेलात? आमच्या तालुक्यात अ‍ॅट्रॉसिटीचे किती गुन्हे नोंदले गेले आणि किती दोषी ठरले, हा प्रश्न आपण विचारला का? लोकसभेत दररोज 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकिताला मंत्री तोंडी उत्तर देतो, अतारांकिताला लेखी. प्रश्न विचारायला पक्षादेश आडवा येत नाही. आपण खासदाराला प्रश्न लिहून दिला आणि त्यानं विचारला नाही, तर निवडणुकीत बोलायला आपल्याकडे कागद असेल.

म्हणून तीनच गोष्टी सुचवतो. पहिली, प्रत्येक वस्तीत, जिथे बुद्धविहार आहे तिथे, अधिवेशनाच्या काळात आठवड्यातून एक संध्याकाळ विधेयक वाचनाला द्या. विधेयकं संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. इंग्रजीची भीती वाटत असेल तर कॉलेजातल्या पोरीला बसवा, ती वाचेल, वडीलधाऱ्यांना मराठीत सांगेल. प्रत्येक विधेयकाला तीन प्रश्न विचारा: यात गुन्हा कोणता, अधिकार कुणाचा, आणि आपल्या कायद्यांना हे कुठे छेदतं? दुसरी, समितीनं सूचना मागवल्या की एक पानाचं निवेदन. शंभर पानी प्रबंध नको. कोणत्या कलमात कोणता शब्द बदलायचा, एवढंच. तिसरी, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमं 4, 15-अ, 18-अ आणि 20 प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवीत. कलम 4 प्रमाणे कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे, आणि 15-अ मध्ये पीडित आणि साक्षीदारांचे हक्क आहेत. गाणी पाठ आहेत ना आपल्याला? मग ही चार कलमं जड नाहीत.

घाई का करायची तेही सांगतो. लोकसभा आणि विधानसभांतल्या राखीव जागांची मुदत कलम 334 प्रमाणे जानेवारी 2030 मध्ये संपते. 2019 च्या 104 व्या दुरुस्तीनं ती दहा वर्षांनी वाढवली होती. पुढचं विधेयक येईल की नाही, आलं तर कोणत्या शब्दांत येईल, मतदारसंघांच्या फेररचनेत आपल्या जागा कुठे जातील, हे सगळं पुढच्या काही अधिवेशनांत ठरणार आहे. कदाचित तेही एखाद्या डिसेंबरात, आपण रांगेत उभे असताना.

त्या पोराचं काय झालं ते सांगून थांबतो. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. यावेळी राजपत्रातल्या कायद्याची प्रत होती, त्यात 18-अ आणि 20 खाली पेन्सिलनं रेघ मारलेली. पोरानं स्वतः वाचून दाखवलं, थोडं अडखळत. शेवटी एवढंच विचारलं, "साहेब, चौकशीला कोणत्या उपअधीक्षकांची परवानगी आहे? ती लेखी द्या." परवानगी नव्हतीच. दोन तास बसवलं, दोन फोन झाले, आणि गुन्हा नोंदवला गेला. पुढे न्यायालयात काय होईल ते होईल. पण ठाण्यातून बाहेर पडताना तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "दादा, पुढचं अधिवेशन कधी आहे?"

चळवळीत वीस वर्षांत मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. तुमच्या वस्तीत तो विचारणारं एक तरी पोर तयार करा.

जय भीम! जय संविधान!